उजवीकडचा चेहरा

भर दुपारी, बाजारातल्या खांबांची सावली पायाशी आली असताना, द्राकोन लोहाराने जिवंत सम्राटाचा चेहरा छिन्नीने खरवडून काढला.

स्त्रातोनिकेआ शहराच्या मोठ्या काशाच्या नाण्यांवर दोन सम्राट भाऊ समोरासमोर होते. थोरल्याने धाकट्याला ठार करवलं. पाठोपाठ हुकूम आला की धाकट्याचा चेहरा आणि नाव कुठेही दिसता कामा नये. नाणी वितळवणं परवडणार नव्हतं, म्हणून नगरसभेने ते काम द्राकोनला दिलं. धाकटा नेहमी उजवीकडे. कडेची अक्षरं न वाचता, बाजू बघून तो हात चालवत होता.

त्याची बायको तातियास झालेली नाणी पुसत होती. तिने एक उजेडात धरलं.

"अहो, थांबा. यात धाकटा डावीकडे आहे."

"काहीतरीच."

"कडेचं नाव वाचा. साचाच उलटा कोरलाय. तुम्ही थोरल्याला उडवलंत."

द्राकोनने ढीग उलथला. तसली आणखी निघाली. सम्राटाचा चेहरा विद्रूप करण्याला शिक्षा एकच होती, आणि ती शहरात सगळ्यांना ठाऊक होती.

"सकाळची थैली कुठंय?"

"नान्नास मासेवाला बदलून घेऊन गेला ना!"

द्राकोन पोचला तेव्हा नान्नास मासळीच्या टोपल्यांवर पाणी मारत होता. "काय द्राकोनशेट, मासा शिळा निघाला?"

"तुझा गल्ला दाखव."

"बघ की. तुझंच काम आहे."

द्राकोनने वाडग्यातली नाणी एकेक तपासली. सगळी बरोबर होती.

"यातलं कुणाला दिलंस?"

"एका शिपायाला, सुट्टे म्हणून. बघून हसत सुटला. म्हणाला, तुमच्या गावात धाकटा अजून जिवंत आहे वाटतं!"

"कुठे गेला तो?"

"मिलासाला. सुभेदाराचं टपाल होतं त्याच्याकडे. अरे, पण तुझा रंग का उडाला?"

द्राकोनने शेजाऱ्याचं खेचर सोडलं आणि पश्चिमेच्या वेशीतून गेला. तातियासने दुकानाचं दार लावून चुकलेली नाणी भट्टीत टाकली.

वेस बंद व्हायच्या आधी मिलासाहून तेलाची गाडी आली. गाडीवानाने तिला सांगितलं की अर्ध्या वाटेवरच्या विहिरीपाशी द्राकोन आणि एक शिपाई बसले होते. शिपायाच्या तळहातावर एक मोठं नाणं होतं. दोघंही त्याकडे बघत होते.