उजव्या ओळीतली दोन घरं

“तिबेट काढायचं. बाकी पाटी आहे तशीच ठेवा,” सिन म्हणाला आणि माझ्या स्टुलावर बसला. स्टुलावर सकाळीच हिरवा रंग सांडला होता.

सिन पाक-लुन माझा धाकटा गुरुबंधू. त्याचा टाइल्सचा धंदा आहे, आठवड्यातून दोनदा सरहद्दीपलीकडे ग्वांगचौला जातो आणि दर वेळी तिकडचं एखादं शहाणपण घेऊन येतो. या वेळी पत्र आणलं होतं.

“टिम दादा, पुढच्या महिन्यात ग्वांगचौला मोठा मेळावा आहे. आपल्या तालमीला बोलावलंय. फक्त आपली झुंजीची कला मूळची कुठली ते लिहून द्यायचं, आणि गुरूंच्या पाटीचा फोटो जोडायचा. तिकडच्याच डिंगवू डोंगरावरच्या मठात जन्मली, असं लिहिलं की काम झालं. पाटीवर ‘हिमदेशातून आलेला साधू’ दिसलं, की तिकडचे सरकारी लोक चौकशा करत बसणार.”

“दुसऱ्या तालमीही तिबेट सांगतात की.”

“काही सांगतात, काही नाही सांगत. जितके वस्ताद तितक्या गोष्टी. मी ल्हासाला जाऊन आलोय ना? तीन मठांत आपले झुंजीचे हात करून दाखवले. पहिल्या मठातला म्हातारा साधू काय म्हणाला माहीत आहे? पाठ धरलीय का, म्हणाला.”

मला हसू आलं, पण हसून मोकळा होण्यासारखी माझी अवस्था नव्हती. चहा तीनदा ओतून तीनदा गार झाला होता. समोर नवी पाटी टेकवून ठेवली होती. तांबडी लाख चढवलेली, अक्षरांना सोन्याचा वर्ख. आमची जुनी इमारत पाडायला घेतली आहे, म्हणून तालीम सहाव्या मजल्यावरच्या नव्या खोलीत हलवली. आज आमच्या गुरूंचा, मोक वस्तादांचा स्मृतिदिन. बाराला नव्या पाटीपुढे उदबत्ती लावायची. पाटी पूर्ण झाली होती, उजव्या उभ्या ओळीतली वरच्या दोन अक्षरांची घरं सोडून.

“हे थोरल्या थाम दादांना विचारलंस?” मी म्हणालो.

“त्यांना काय विचारायचं? त्यांनीच तर ही गोष्ट रचली आणि समुद्रापार पेनांगपर्यंत विकली.”

“रचली कुणी म्हणालं?”

“मी म्हणतो. आणि आज सगळ्यांसमोर म्हणणार आहे.” सिन उठला. पँटवर मागे हिरवा ठसा घेऊन तो रस्त्याच्या गर्दीत मिसळला.

आता खरं सांगून टाकतो. मी आयुष्यभर आमच्या शाम शुई पो वस्तीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. भाताची दुकानं, केस कापणारे, दातांचे डॉक्टर. तालमीत पंधराव्या वर्षी गेलो आणि सदतीस वर्षांत एकही झुंज जिंकलो नाही. माझे लांब हात वाऱ्यावर वाळत घातलेल्या लेंग्यासारखे फिरतात असं वस्ताद स्वतः म्हणायचे. मला ठेवून घेतलं ते अक्षरासाठी. झेंडे, आमंत्रणं, सिंहनाचाचे फलक, सगळं मी लिहायचो.

बासष्ट सालच्या वादळात गच्चीवरच्या तालमीचं पत्र्याचं छप्पर उडालं आणि गुरूंची पाटी रात्रभर पावसात पडून राहिली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. वस्ताद म्हणाले, पोरा, जशी होती तशी उतरवून काढ. डावी ओळ सात अक्षरांची, शाबूत. उजवीतली पाच वाचता येत होती: ‘साधू आला, हात देऊन गेला’ अशा अर्थाची. वरची दोन धुऊन गेली होती. तो कुठून आला, तेच नेमकं गेलं होतं.

वस्तादांना अक्षरओळख नव्हती. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांच्या हातात एका हमालाचा निखळलेला खांदा होता. “साधू कुठून येतात?” ते म्हणाले. “लांबून येतात. लिही काहीतरी बरं दिसेल असं.” आणि खांदा बसवला. हमाल असा ओरडला की पुढे विचारायची सोयच राहिली नाही.

पाटी रंगवणाऱ्याला एक ओळ सातची आणि दुसरी पाचची ठेवता येत नाही. हात शिवशिवतो. त्या काळात चहाच्या दुकानात, वर्तमानपत्रात तिबेटचं नाव सारखं कानावर यायचं. लामा साधूने ओढ्याकाठी करकोचा आणि वानर यांची झुंज पाहून हात बसवले, ही गोष्टही बाजारात होतीच. मी त्या दोन घरांत ‘हिमदेश’ बसवला, म्हणजे तिबेट; आमच्या लिपीत दोनच अक्षरं. ओळ भरली, छान दिसली. बस. एवढंच केलं मी.

दहाच्या सुमाराला पाटी कापडात गुंडाळून निघालो, पण तालमीकडे न जाता थामकडे गेलो. थाम यात-हुंग आमचा सगळ्यांत थोरला. सत्तर वर्षांचा हाडवैद्य, वस्तादांच्या लेपाचा वास त्याच्या खोलीतून जिन्यापर्यंत येतो. तो एका बाईच्या मनगटाला पट्टी बांधत होता.

“पेंटर, बैस. असा काय येरझारा घालतोस? पेशंट घाबरतील.”

“दादा, पाटीवर काय लिहू?”

“जुन्या पाटीवर जे होतं ते.” त्याने वर पाहिलंच नाही. “सिन आला होता ना तुझ्याकडे? त्याला म्हणावं, डिंगवूच्या मठात तो साधू राहिला असेल, मी नाही कुठे म्हणतोय? पण जन्मला नाही तिथे. माणूस जिथे मुक्काम करतो ते काय त्याचं गाव झालं?”

त्याने पट्टीची गाठ मारली आणि उठताना गुडघा धरला. हा माणूस तीस वर्षं दर थंडीत पहाटे गच्चीच्या फरशीवर अनवाणी हात करायचा. आम्ही कुरकुरलो की म्हणायचा, त्या साधूने एवढं बर्फ तुडवलं आणि तुम्हाला फरशी गार लागते? त्याचे गुडघे त्यातच गेले. मला सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, “उदबत्त्या आणल्यात ना?”

“सगळं आणलंय. तू पाटी आण.”

असा मी शूर.

बाराला सहाव्या मजल्यावर पंचवीसेक माणसं जमली. भाजलेलं अख्खं डुक्कर टेबलावर आलं होतं, चेरीचे डोळे लावलेलं. मी पाटी भिंतीवर चढवली, पण कापड काढलं नाही. सिनने स्वतः पुढे होऊन ओढलं आणि ती दोन रिकामी घरं सगळ्यांना दिसली.

“बघा,” सिन म्हणाला, “टिम दादांनाही ते खोटं पुन्हा लिहवेना. मी आज स्पष्टच बोलतो. ही तिबेटची गोष्ट थाम दादांनी रचली. शिष्य मिळावेत म्हणून. आमचा साधू हिमालयातला म्हटलं की पेनांगची पोरं रांगा लावतात.”

थाम एवढंच म्हणाला, “वस्तादांच्या तोंडून ऐकलंय मी.”

“वस्तादांना वाचता येत नव्हतं. तुम्ही सांगाल ते त्यांनी ऐकलं. तुम्ही वस्तादांनाही फसवलंत.”

मागच्या पोरांपैकी कुणीतरी हसलं. थामच्या मानेची शीर उडताना मला दिसली आणि माझ्याने राहवलं नाही.

“मी लिहिलं,” मी म्हणालो. “थामने नाही. वादळात वरची दोन अक्षरं गेली होती. ओळ भरायला मी तिबेट घातलं. एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हापासून कुणाला सांगितलं नाही.”

मग सिनने मांडीवर थाप मारली. “मी म्हणत होतो की नाही? टिम दादा, हेच मला लिहून द्या, सहीसकट.”

थाम माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तू ती पाटी वस्तादांना वाचून दाखवलीस?” त्याने हळूच विचारलं.

“दाखवली.”

“काय म्हणाले?”

हेच एक सांगायचं नव्हतं. “दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, तिकडे थंडी फार असते का रे? मी म्हणालो, बर्फच असतं सगळं. तर बराच वेळ पाटीकडे बघत बसले. म्हणाले, एवढ्या लांबून आपल्यासाठी चालत आला बिचारा. आणि डोळे पुसले.”

“त्याच थंडीत त्यांनी मला गच्चीवर पहिल्यांदा चपला काढायला लावल्या,” थाम म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी म्हणालो, “दादा, चुकलं माझं.”

“पेनांगला सात तालमी आहेत. प्रत्येकीत तुझी ती ओळ आहे. पोरं रोज सकाळी तिला वाकतात.” त्याने कोट घेतला. बाह्या घालताना दोनदा चुकला, मी पुढे झालो तर हात झटकला. “माझा एक पेशंट थांबलाय.”

त्याचा कुणी पेशंट थांबला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टचं दार लागलं.

आमच्यात थोरल्याने उदबत्ती लावल्याशिवाय धाकट्याने लावायची नाही. वय नाही मोजत, तालमीत आधी कोण आला ते मोजतात. थाम पन्नास साली आला. मी अठ्ठावन्न साली. आमच्या मधले दोघे वारले, एक टोरांटोला असतो. सिनने काडेपेटी काढली आणि तीन उदबत्त्या माझ्या हातात दिल्या.

“आता थोरले तुम्ही. लावा आणि सुरू करू या, डुक्कर गार होतंय.”

सबंध आयुष्यात मी कधी कुठे पहिला आलो नव्हतो. मी पाटीपुढे उभा राहिलो. काडी पेटवायला सिन हात पुढे करून होता. माझ्याने उदबत्त्या पुढे करवेनात.

“थांबू या,” मी म्हणालो. “येईल तो.”

“नाही येणार.”

“मग नाही येणार. थांबू या.”

थोरला म्हणून मला कुणी उलट बोलू शकलं नाही, ही त्यातली गंमत. एक वाजला, दोन वाजले. डुकराची कुरकुरीत साल मऊ पडली तेव्हा मी सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं. ते पाटीकडे पाठ करून, खाली मान घालून जेवले. मी बसलो, उठलो, लिफ्टपर्यंत गेलो, परत आलो. लिफ्ट वर आली की दार उघडायच्या आत मी समोर. एकदा पाचव्या मजल्यावरची बाई कांद्याची पात घेऊन चुकून वर आली आणि मला बघून दचकली. खिडकीतून थामचा दवाखाना दिसत नाही, तरी दर पाच मिनिटांनी मी खिडकीतून बघत होतो.

चारनंतर माणसं एकेक करून गेली. जाताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही, पण नियमाप्रमाणे वाकून गेली. सिन शेवटी राहिला. तो वाईट माणूस नाही. त्याने टेबल पुसलं, उरलेलं मांस कागदात बांधलं, थामच्या वाट्याचं वेगळं ठेवलं.

“दादा, हात बघा,” तो म्हणाला.

उदबत्त्यांच्या काड्यांचा लाल रंग घामाने सुटून माझ्या तळव्यात उतरला होता.

“मोरी तिकडे आहे. धुऊन घ्या.”

मी उदबत्त्या दुसऱ्या हातात घेतल्या आणि लिफ्टसमोर जाऊन उभा राहिलो.