थेंबाची सातवी ओळ

सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. जुन्या कॉम्प्युटरवर संगीत रचणारी आम्ही वीस-बावीस माणसं दर रविवारी तिथं जमतो. आमची यंत्रं चाळीस वर्षांपूर्वीची. कीबोर्डाच्या पोटातच सगळा संसार, वर जुना टीव्ही जोडायचा. त्यांना गळे तीनच. एका वेळी तीन सूर; चौथा मागितला की आधीचा एक गप्प बसतो.

गाणं म्हणजे चौसष्ट ओळींची पानं. ओळीत तीन रकाने, तीन गळ्यांचे. वाजताना या ओळी पडद्यावर वर सरकत जातात आणि समोरचे लोक ऐकता ऐकता वाचतात. कुणाला एखादा आवाज आवडला तर त्याचे आकडे वहीत उतरवून घ्यायचे, आपल्या गाण्यात वापरायचे. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. अट एकच: गाण्याआधी वाद्यांची यादी येते, तीत प्रत्येक आवाजाच्या आकड्यांपुढे एक रकाना असतो, तिथं कुणाकडून घेतलं ते लिहायचं. रिकाम्या रकान्याला मात्र आमच्याकडे माफी नाही.

सात वर्षांपूर्वी मास्तरांनी तो रिकामा ठेवला.

मास्तर शाळेत गणित शिकवतात. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला ते वही घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. माझा एक आवाज होता, थेंब नावाचा. भरलेल्या बादलीत एकच थेंब पडावा आणि त्याचं वलय कडेपर्यंत जावं, असा. बारा ओळींच्या आकड्यांत तो बसवायला मला दोन वर्षं लागली होती. पुढच्या वर्षी मास्तरांच्या गाण्यात तोच थेंब वाजला, बक्षीस मिळालं आणि रकाना कोरा.

मी भांडले नाही. मला भांडता येत नाही, आवाजच चढत नाही. घरी आले आणि देवापुढे बसून ठरवलं, यापुढे माझं गाणं उघडं दिसणार नाही. मंडळातल्या एका गृहस्थांनी मला गुपचूप कुलूप करून दिलं. फ्लॉपीवर एका जागी मुद्दाम एक व्रण पाडलेला. यंत्राला तो व्रण सापडला तरच गाणं वाजायचं, आणि वाजताना पडदा काळा राहायचा. कुलूप लावलं की मी उघडी फाइल पुसून टाकायचे. प्रत एकच. दुसरी प्रत म्हणजे दुसरं दार, असं मला वाटायचं.

मंडळात मला कुलूपताई म्हणू लागले. म्हणोत बापडे.

माझा नेम मात्र त्याच्याही आधीपासूनचा. सकाळी अंघोळ, प्रार्थना, आणि मग तोंडातून शब्द काढण्याआधी संगीताचं एक पान. ताप असो, पाहुणे असोत. पान झाल्याशिवाय मी बोलत नाही. अशा तीन वर्षांच्या हजारभर पानांतून मी ब्याण्णव निवडली आणि बारा मिनिटांचं एक गाणं बांधलं. यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटची जागा मंडळानं पहिल्यांदाच मला दिली होती. नियम इतकाच की गाणं मूळ यंत्रावरूनच वाजलं पाहिजे. रेकॉर्डिंग चालत नाही.

कार्यक्रम रविवारी. त्याआधीच्या रविवारी मी माझं यंत्र आणि फ्लॉपी सोल्डरकाकांकडे साफसफाईला दिली. सोल्डरकाका मंडळाचे वैद्य. कुणाचं काय बिघडलं की हातातलं काम टाकून धावतात. सोमवारी दुपारी त्यांनी सगळं घरपोच आणून दिलं, वर चिठ्ठी: "यंत्र ठणठणीत. फ्लॉपीवर एक खराब जागा होती, तीही बरी केली. चहा लागू."

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग फ्लॉपी घातली. काळा पडदा आला, पण गाणं वाजलंच नाही.

त्यांनी व्रण बरा केला होता.

मी काकांना फोन करून तो व्रणच कुलूप होतं ते सांगितलं. काका म्हणाले, "ताई, दुसरी प्रत?"

"नाही."

"उघडी फाइल?"

"पुसली."

"अहो पण का?" असं म्हणून ते स्वतःच थांबले. का ते सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. "व्रण पुन्हा पाडता येईल हो, पण अगदी तसाच नाही पडणार. मी हात तोडून घेतो माझे."

"हात राहू द्या," मी म्हटलं. "यंत्रं कोण बघणार मग?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. हजार सकाळी एका चौकोनी प्लास्टिकात अडकून पडल्या होत्या आणि अडकवणारी मीच.

आमच्या यांचं चष्म्याचं दुकान आहे. संध्याकाळी घरी आले, ऐकलं, आणि कपाटावरची खोकी उपसायला लागले. तासाभरानं एक कॅसेट घेऊन आले. "मागे एकदा तू पूर्ण गाणं वाजवलंस ना, तेव्हा मी टेप लावून ठेवला होता. दुकानात ऐकायला."

"तुम्ही चोरून रेकॉर्ड केलंत?"

"बायकोचं आहे म्हणून घेतलं. आता पोलिसात देतेस का?"

कॅसेटवर माझं गाणं होतं. मागे भांडी होती, दाराची कडी होती, पण गाणं सगळं होतं. वाजवता येणार नव्हतं. पण ऐकून पुन्हा लिहिता आलं असतं. मी हिशोब मांडला. एकटीनं केलं तर रविवारपर्यंत जेमतेम तीस पानं.

माझी मोठी नणंद त्या आठवड्यात आमच्याकडेच होती. कोर्टात टंकलेखिका म्हणून तिची उभी हयात गेली. ती सुपारी कातरल्यासारखं एकेक वाक्य तोडून बोलते. "तीस तुझी. बासष्ट कुणाची?"

"वन्सं, दुसऱ्याला लिहायला द्यायचं तर आकडे सांगावे लागतील. सगळ्या आवाजांचे."

"मग सांग."

"मी ठरवलंय, दाखवायचं नाही."

"नेम आहे तो?"

मी उठून कॅसेट बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा तोच प्रश्न समोर होता. नेमानं मला रोज काहीतरी दिलं होतं. ताप उतरत नसतानाही दिलं होतं. कुलपानं सात वर्षांत काय दिलं? मी देवाला सांगून केलं म्हणून ते व्रत झालं नव्हतं. तो रुसवा होता. दोन्हींत माणूस गप्प राहतं, म्हणून मला इतकी वर्षं फरक कळला नाही.

पान लिहून झालं आणि दारावर थाप पडली. सोल्डरकाका होते, दोन्ही काखांत दोन यंत्रं. मागे जिन्यावर मास्तर. त्यांच्या हातात टीव्ही होता आणि मान खाली.

"तीन गळे, तीन यंत्रं," काका म्हणाले. "एकेकानं एकेक गळा लिहायचा, मग एकत्र जोडायचं. मला एक माणूस कमी पडत होता. आणि ताई, कानानं सूर ओळखणारा यांच्यासारखा मंडळात नाही. नको असेल तर तसं सांगा, ते टीव्ही ठेवून जातील."

मास्तर म्हणाले, "शाळेत रजा टाकलीय. पण तुम्ही म्हणाल तसं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. नणंदेनं पाहिलं. मी दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "जिन्यात टीव्ही धरून किती वेळ उभे राहणार? आत या."

जेवणाच्या टेबलावर यंत्रं मांडली; तिसरा टीव्ही यांनी शेजारून आणला. पहिला गळा मास्तरांचा, दुसरा माझा. तिसऱ्यावर काका बसले, पण एकेक बटण शोधून दाबायला लागले. नणंदेनं पाच मिनिटं पाहिलं आणि त्यांना खुर्चीवरून उठवलं.

"तुम्हाला संगीत येतं?" काकांनी विचारलं.

"सूर कळत नाही. आकडे कळतात. तुम्ही ऐकून सांगा, मी मारते. अहो, जज्जसाहेबांची जीभ लिहिली मी, तुमची काय कथा!"

आधी आवाज बसवायला हवे होते. मी एकेकाचे आकडे सांगू लागले. माझा आवाज मुळात बारीक. यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली. सात वर्षं कुणाला न दाखवलेलं मी ओळीओळीनं बोलत होते आणि तीन यंत्रांवर बटणं वाजत होती. ढोल झाला, खर्जाचा बास झाला. मग मी म्हटलं, "थेंब."

मास्तरांची बोटं आधीच चालू झाली होती. दोन ओळी झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. कान लाल झाले.

"पाठ आहे मला," ते हळूच म्हणाले.

"वाजवा मग."

त्यांनी वाजवला. नणंदेलासुद्धा छान वाटला. मी मात्र हसले. मला हसू आवरेचना.

"मास्तर, सातवी ओळ बघा. आठ लिहिलंत तुम्ही. तिथं शून्य आहे."

"आठच होता. मी पडद्यावरून उतरवलाय."

"आपल्या जुन्या टीव्हीवर शून्याच्या पोटात रेघ येते. लांबून आठ दिसतो. सातव्या ओळीत आवाज पूर्ण बंद होतो, निमिषभर. पाणी फुटतं ती जागा. मग आठव्या ओळीपासून वलय."

त्यांनी शून्य केलं आणि वाजवला.

खोलीत खरंच थेंब पडला. काकांनी नकळत वर छताकडे बघितलं.

मास्तरांनी तो आणखी दोनदा वाजवला. "सात वर्षं," ते म्हणाले. "सात वर्षं मी विचार करतोय की माझा तुमच्यासारखा का वाजत नाही. वाटायचं, यंत्रात दोष आहे. काकांकडून तीनदा तपासून घेतलं."

"चारदा," काका म्हणाले.

"एकदा विचारायचं होतंत," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं? रकाना कोरा ठेवलेल्या माणसानं?" मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "बक्षिसाच्या हव्यासानं ठेवला तो. लोकांना वाटावं माझाच आहे. चुकलो मी ताई."

माझ्याजवळ सात वर्षांची वाक्यं साठवलेली होती. त्यातलं एकही मला त्या वेळी आठवलं नाही. "पहिलं पान घ्या," मी म्हटलं, "दिवस थोडे आहेत."

त्या आठवड्यात आमचं घर म्हणजे कारखाना झाला. सकाळी सगळे लवकरच हजर व्हायचे आणि माझं पान होईपर्यंत हे त्यांना चहा देऊन माझ्या वतीनं बोलायचे. बुधवारपर्यंत अठरा पानं झाली, गुरुवारपर्यंत चाळीस. शुक्रवारी एकेचाळिसाव्या पानावर मास्तर आणि काका यांच्यात जुंपली. दुसऱ्या गळ्यात एक ठोका होता, तो ढोलाचा की झांजेचा?

"झांज. शेवटी फुस्स होतंय."

"ढोल. दणका बघा ना."

तिसऱ्यांदा कॅसेट मागे घेतल्यावर हे दारातून म्हणाले, "ती माझी शिंक आहे."

सगळे इतके हसलो की नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ऐकलं तर शिंक अगदी बरोबर ओळीवर पडली होती. मी ती ठेवली. ढोल आणि झांज दोन्ही मिसळून.

शनिवारी संध्याकाळी सहाला ब्याण्णवावं पान संपलं. तिन्ही गळे जोडले, वाजवले. कॅसेटवर होतं त्याहून ते सरस होतं, हे मला कबूल करायला हवं. मास्तरांनी एके ठिकाणी सूर एका ओळीनं पुढे ओढला होता, विचारून. नणंदेनं दोन ठिकाणी चूक मारली होती, त्यातली एक इतकी गोड की मी तिला हात लावू दिला नाही.

मग मी वाद्यांच्या नावांचा रकाना भरायला घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा. बास एका अनोळखी माणसाच्या जुन्या फाइलवरून शिकले होते मी, लहान असताना; त्याचं टोपणनाव मला आठवत होतं, ते लिहिलं. इतकी वर्षं ते कुलपात होतं, हे लिहिताना मला माझीच लाज वाटली. ढोलापुढे काका, शिंकेपुढे हे, चुकलेल्या सुरापुढे "वन्सं, कोर्ट". थेंबापुढे माझं नाव लिहिलं आणि खाली: "सातवी ओळ मास्तरांसोबत तपासली."

रविवारी खोली भरून माणसं जिन्यापर्यंत उभी होती. माझी पाळी आली तेव्हा नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "कुलूपताई आल्या, डोळे मिटून घ्या रे."

मी फाइल उघडली. पडद्यावर आधी वाद्यांची नावं आली, एकेक रकाना भरलेला. खोलीत कुजबुज झाली आणि थांबली. मग ओळी सरकू लागल्या.

मी माणसांकडे बघत होते. सगळ्यांची नजर एकाच वेगानं वर जात होती. कुणाचे ओठ हलत होते, कुणी मांडीवर बोटं मोजत होतं. माझं गाणं सात वर्षं लोकांनी अंधारात ऐकलं होतं. आज ते वाचत होते, आणि पुढच्या ओळीत काय येणार ते दिसत असूनही प्रत्येक थेंबाला कुणी ना कुणी दचकत होतं. एकेचाळिसाव्या पानावर हे कोपऱ्यात उगाच ताठ उभे राहिले.

बारा मिनिटं झाली. शेवटची ओळ वर गेली, पडदा थांबला, आणि खोलीत असा गजर उठला की खालचा सायकलवाला पाना हातात घेऊन जिन्यात आला.

मास्तर उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. "सात वर्षांपूर्वी मला ज्यावर बक्षीस मिळालं तो थेंब यांचा आहे. मी रकाना कोरा ठेवला होता. आणि तो मी चुकीचा वाजवत होतो, हेही सर्वांनी लिहून घ्या."

"आठ की शून्य?" मागून कुणीतरी ओरडलं.

"शून्य!" मास्तर, काका आणि माझी नणंद एकदम म्हणाले.

मग प्रतींची रांग लागली. काकांनी चार यंत्रं मांडून दिली, फ्लॉप्या करकरत होत्या. मी प्रत्येकाला एवढंच सांगत होते, "घ्या, आणि रकाना भरा."

रांगेत शेवटी एक बाई होती, पहिल्यांदाच आलेली, हातात कोरी फ्लॉपी घट्ट धरून. "ताई, एक विचारू? तुमचं विसावं पान मी वाचत होते. ते खालून वर वाजवलं तर?"

"खालून वर?"

"शेवटची ओळ आधी. म्हणजे वलय आधी येईल आणि थेंब मग वर उडेल. विचित्र वाटेल का?"

मी ते कधी वाजवून पाहिलं नव्हतं. हजार सकाळींत एकदाही नाही. मी उठले आणि माझी खुर्ची तिला दिली.

"बसा. आत्ताच करून बघू."

तिनं पान उलटं लावलं. थेंबाच्याही बारा ओळी उलट्या केल्या. सातव्या ओळीतलं शून्य सहावीत आलं, ते तिनं बोट ठेवून तपासलं. जिना उतरणारे लोक थबकले, मग एकेक करून परत वर येऊ लागले, खुर्च्या ओढू लागले. नणंद म्हणाली, "सरका जरा, मला दिसत नाही." बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि तिनं बटण दाबलं.