अकरा मिनिटांचा नकाशा

ताईंनी नकाशाच्या फाइलवर क्लिक केलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटरवाल्यानं तीच फाइल विकायला आणलेल्या नव्या मशीनवर उघडायला लावली. नवा प्रोसेसर, नवी ऑपरेटिंग सिस्टिम. एक घेतला की दुसरी घ्यावीच लागते, असं त्यानं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

ताईंचा धाकटा भाऊ दोघांच्या मध्ये उभा होता. वडिलांमागे आर्किटेक्टचं हे ऑफिस तोच चालवायचा, आणि त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं: नवं मशीन नव्या ड्राफ्ट्समनला, ताईंना फोनचं टेबल.

“या वयात नवी सिस्टिम शिकायची कशाला डोकेदुखी, ताई? जरा आराम कर आता.”

एकोणीस वर्षं नकाशे काढणाऱ्या बाईला हे लागायचं तसं लागलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

जुन्या मशीननं अकरा मिनिटं घेतली. नव्यानं नऊ.

“एवढंच?” भावाचा चेहरा पडला. कॉम्प्युटरवाला उगाच वायरी चाचपू लागला.

दोष मशीनचा नाही, फाइलचाच आहे, हा आठवडाभर ताईंना छळणारा संशय आता पक्का झाला. त्यांनी फाइलमधल्या लेअरची यादी उघडली. पारदर्शक कागदांसारखे एकावर एक चढलेले, बंद करून ठेवलेले चार हजार लेअर! कुणाचा जिना, कुणाची गच्ची, कधीच पाडून टाकलेली एक शाळा. या ऑफिसात नवा नकाशा कोरा सुरूच होत नसे. मागच्याची प्रत काढायची, नको ते दिसेनासं करायचं आणि पुढे चालू पडायचं.

“हा शहाणपणा शिकवला कुणी?” भाऊ भडकला.

“मी,” ताई म्हणाल्या. “तुलासुद्धा.”



ताईंनी एक प्रत बाजूला ठेवली आणि बंद लेअर सगळे निवडले. बोट जरा अडखळलं; त्यातली निम्मी घरं त्यांच्याच हातची होती. मग सगळं पुसून टाकलं आणि फाइल पुन्हा उघडली.

बावीस सेकंद. जुन्याच मशीनवर.

“मानलं तुला!” भावानं टाळीच वाजवली. “मग नवं परत पाठवू. याच्यावर झकास भागतंय.”

कॉम्प्युटरवाला रिकामं खोकं पुढे ओढू लागला.

“थांबा हो,” ताई म्हणाल्या. “साफ केलेली फाइल तुमच्याकडे उघडून बघू.”

चार सेकंद.

ताईंना मनापासून हसू आलं. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्या उठल्या, आपली खुर्ची घेऊन नव्या मशीनसमोर जाऊन बसल्या.

“आता घेण्यात अर्थ आहे,” त्या म्हणाल्या. “दाखवा, यात काय काय नवीन आहे ते.”

 भाऊ कॉम्प्युटरवाल्याकडे वळला.

“असंच आणखी एक कधी देता? नवा ड्राफ्ट्समन सोमवारी येतोय.”