चाळीस नंबरचे होल्डर

मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये जड पेटी टेबलावर टेकवेपर्यंत दाजींचा मनातला हिशेब पक्का झाला होता. त्यांची शेड बंद पडली, मशीन गेलं. पण कटर धरणारे हे होल्डर त्यांनी हट्टाने राखले होते. ते इथे चालले, तर दाजी भागीदार. नाही चालले, तर बायकोच्या माहेरी आसऱ्याला आलेला जावई.

"तुझं मशीन चाळीस नंबरचंच ना रे?"

"चाळीसच की, दाजी," मेव्हणा म्हणाला. घरात त्याला बारक्या म्हणत. आता तो दारातून तिरका होऊन आत येई, तरी नाव तेच.

दाजींनी एक होल्डर पुसला, त्याचं चाळीस नंबरचं निमुळतं टोक मशीनच्या फिरत्या दांड्यात, स्पिंडलमध्ये, सरकवलं आणि बटण दाबलं. खट्. जणू तिथलाच.

"बघ," दाजी म्हणाले.

मग टूल आपोआप बदलून बघायचं ठरलं. मशीनचा लोखंडी हात वळला, होल्डरच्या कॉलरपाशी गेला आणि अडला. लाल दिवा लागला. दाजींनी होल्डर उलटा करून पाहिला, फुंकर मारली, पुन्हा लावला. पुन्हा लाल दिवा.

बारक्याने आपला एक होल्डर शेजारी ठेवला. टोक तसंच, उतार तसाच. कॉलर मात्र वेगळ्या जाडीची, आणि मशीनच्या हाताने पकडायची खाचही भलतीकडे.

"नंबर एकच, पण तुमचे होल्डर एका पद्धतीचे, माझे दुसऱ्या."

"मग बसला कसा?"

"बसतो. मशीनच्या हाताला धरता येत नाही."

"म्हणजे चालतो की नाही चालत?" दाजींना काही उमजेना. ते पेटी भरायला लागले.

"राहू द्या. आपणच हाताने लावू."

"दर टूलला मशीनचं दार उघडून? डोकं फिरलंय का तुझं? तुझे आहेत की."

"माझे झिजलेत."

दाजींनी फळीकडे पाहिलं. बारक्याचे होल्डर तेल लावून ओळीने उभे होते, नव्यासारखे लखलखीत.

"मागे घरी येऊन पेटी उघडून बघितलीस, तेव्हा का नाही बोललास?"

"अंधार होता."

"भर दुपारी?"

बारक्या स्पिंडल पुसू लागला, पुसलेलाच.

तेवढ्यात दाजींची बायको डबा घेऊन आली. दारातच थबकली.

"बसले का रे?"

"बसले की, ताई. दाजींनीच बसवले."

तिने सोडलेला श्वास दाजींना ऐकू आला. त्यांनी पुढचा होल्डर पुसून मेव्हण्याच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत दाजी भागीदार ठरले होते, ताईचं माहेर माहेरच राहिलं होतं, आणि दर टूलला होल्डर हाताने लावून बारक्याचा उजवा खांदा वर उचलवेनासा झाला होता.