पन्नास बाइट

"सही करा, नेटबाई. दोन ओळी तर आहेत." व्यवस्थापकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

नेटबाईंनी वाचलं. 'नवीन जोडणी करताना माझ्याकडून अनवधानाने एक आकडा लागू करायचा राहिला.'

"अनवधानाने?" त्यांचा आवाज चढला. "साहेब, तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला. तिसऱ्यांदा तर उद्घाटनाच्या पाहुण्यांसमोर!"

"हळू बोला. लेखी आहे का कुठे?"

लेखी नव्हतं. या रुग्णालयाचं नेटवर्क त्या एकवीस वर्षं सांभाळत होत्या आणि इतकी वर्षं केबिनच्या दारात उभं राहून सांगितलेलं पुरत होतं.

"सही केलीत तर साधी ताकीद, विषय संपला. नाही केलीत तर विश्वस्तांसमोर चौकशी. निवृत्तीला किती राहिलंय? दीड वर्ष? घरी नेऊन वाचा हवं तर."

नेटबाईंनी कागद उचलला आणि दार आपटून बाहेर पडल्या. अशा त्या कधी वागल्या नव्हत्या. बाहेरचा शिपाई चटकन उभाच राहिला.

रुग्णालयाच्या इमारती दोन. मेंदूचं चित्र काढणारं यंत्र जुन्या इमारतीत. ते चित्र वाचणारे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत. आजवर चित्रं डिस्कवर भरून गाडीने जात. आता दोन्हीकडच्या राउटरवर आज्ञा लिहून नेटबाईंनी एक बोगदा तयार केला होता. खोदकाम नाही, नवी तारही नाही. जुन्याच तारेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक लिफाफ्याला इथला राउटर आणखी एक लिफाफा घालतो, त्यावर पलीकडच्या राउटरचा पत्ता लिहितो. पलीकडे तो बाहेरचा लिफाफा काढला जातो. म्हणून दोन इमारती एकाच खोलीत असल्यासारख्या बोलतात.

पण बाहेरच्या लिफाफ्यालाही आकार असतो. पन्नास बाइट. वाटेत तळघरात एक मधला राउटर होता, त्यातून पंधराशे बाइटपर्यंतचाच लिफाफा जात असे. चित्राचा लिफाफा आधीच पंधराशेचा, वर पन्नास. एवढा मोठा लिफाफा तो मधला राउटर कुणाला न कळवता टाकून देतो. छोटे निरोप मात्र खुशाल जातात. म्हणून सगळं ठीक आहे असंच वाटतं.

"मधल्या राउटरचा आकडा वाढवलाय," सोमवारी सकाळी त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं होतं, "पण तो लागू व्हायला राउटर एकदा बंद करून चालू करावा लागेल. दहा मिनिटं द्या."

"पाहुणे येऊन बसलेत हो! सगळ्यांचे संगणक बंद पाडता आता? निरोप जातोय ना पलीकडे?"

"निरोप जातोय. चित्र नाही जाणार."

"पन्नास बाइटसाठी जीव खाऊ नका. करा चालू. उद्या बघू तुमचं ते."

आणि नेटबाईंनी शेवटची आज्ञा टाइप केली. पलीकडच्या पडद्यावर 'स्वागत' असा शब्द उमटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच त्यांना पाहुण्यांबरोबर नवी इमारत दाखवायला पाठवण्यात आलं. डिस्क नेणाऱ्या गाडीच्या चालकाला दुसरं काम मिळालं.

दुपारी किल्ल्या बनवणारे एक गृहस्थ दुकानात कोसळले. त्यांच्या मेंदूचं चित्र निघालं, 'पाठवत आहे' असं पडद्यावर दिसू लागलं आणि पाऊण तास तेच दिसत राहिलं. फोन आल्यावर नेटबाई धावत परतल्या, कुणालाही न विचारता राउटर बंद करून चालू केला. बरोबर दहा मिनिटं लागली. चित्र गेलं. मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ तोवर टळली होती.

आता नेटबाई घरी न जाता दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात शिरल्या. किल्लीवाले उशीला टेकून बसले होते. उजवा हात चादरीवर कुणी ठेवून गेल्यासारखा पडला होता. बायको पेला धुऊन पुसत होती.

"तुम्ही नर्स?"

"नाही. ते चित्र अडकलं ना, ती जोडणी माझी."

बायकोने पेला खाली ठेवला. नेटबाईंनी लिफाफ्याचं सगळं सांगितलं, साहेबांचं सांगितलं.

"म्हणजे किल्ली जाड झाली आणि भोक तेवढंच," बायको म्हणाली. "ह्यांचा जन्म गेला त्यात. बसत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कितीही बोंबलू दे, किल्ली हातात द्यायचे नाहीत. चालू कुणी केलं मग?"

"मी."

"तुम्हाला ठाऊक असून?"

"हो."

"अहो, मग साहेबाच्या नावाने काय ओरडता माझ्यापुढे! नोकरी जाईल म्हणून भ्यालात ना?"

"नोकरी नव्हती जात," नेटबाई म्हणाल्या. "नुसतं रागावले असते."

बायकोने तोंड फिरवलं.

नेटबाई स्टुलावर बसल्या. मांडीवर कागद ठेवून त्यांनी 'अनवधानाने' हा शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. खाली लिहिलं, 'मला माहीत होतं. मी साहेबांकडे दहा मिनिटं मागितली. त्यांनी दिली नाहीत आणि मी हट्ट धरला नाही.' सही केली. "हे विश्वस्तांना देणार आहे. चौकशी होऊ दे."

"साक्षीदार लागत असेल की," बायको तिकडेच बघत म्हणाली. "नाहीतर म्हणतील, कागद नंतर बदलला."

पलंगावरून घशातल्या घशात आवाज आला. किल्लीवाल्यांनी डावा हात पुढे केला होता.

बायकोने कागदाखाली ताट धरलं. त्यांनी पेन मुठीत पकडलं, पहिलीतलं मूल पकडतं तसं. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

सही व्हायला दहा मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही.