कुंकवाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. बंगळूरला यशवंतपूरच्या एका घरात माळ्यावर पडून असतो. माझी फुशारकी ऐकायला बसला असाल तर माफ करा. मला सांगायची आहे ती माझी लाज.

१९९८ साली रविकुमारने मला घरी आणलं, तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला यायचे. मी गाणी वाजवायचो आणि त्याच्या आई, सकवारबाई, पदराला हात पुसत कौतुकाने ऐकत उभ्या राहायच्या.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, जागा कमी पडते म्हणून रविकुमारने माझ्यातल्या फाइली भराभर पुसून टाकल्या. माझा आवाज चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅमही त्यांतच गेला. रविकुमारला याचा पत्ताच नव्हता. त्याने मला बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकवारबाईंनी शिवणयंत्राबरोबर माझीही पूजा केली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून द्यायला पाहुणे आले. रविकुमारने ऐटीत मला सुरू केलं, पण माझ्यातून आवाज म्हणून निघेना. त्याचा चेहरा पडला. तुझं कुंकू आत गेलं आणि यंत्राचं वाटोळं झालं, असं तो चारचौघांत आईला बोलला. त्या बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांचा दोष नाही हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मीच मुका झालो होतो.

चार दिवसांनी दुरुस्तीला हयवदन आला. त्याने एकामागून एक तीन फ्लॉप्या घालून ड्रायव्हर नव्याने बसवला, मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मी वाजलो.

"कुंकवाचं काही नाही हो," तो म्हणाला. "कुणीतरी आवाजाची फाइलच पुसून टाकलीय."

रविकुमारच्या सगळं ध्यानात आलं. त्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात सकवारबाई कॉफी घेऊन आल्या. "माझ्या कुंकवापायी तुम्हाला स्वल्प त्रासच झाला," त्या हयवदनला म्हणाल्या.

हयवदनने रविकुमारकडे पाहिलं. रविकुमारने मान खाली घालून कॉफी पिऊन टाकली.

पुढच्या खंडेनवमीला त्याने स्वतः हळदकुंकवाचं ताट आईपुढे धरलं.

"नको रे, तूच लाव," त्या म्हणाल्या. "माझा हात लागला की बिघडतं."

तेव्हाही त्याने खरं सांगितलं नाही. मी मात्र खणखणीत वाजत होतो. त्या आवाजाची मला अजून शरम वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण आपली चूक कुणाच्या माथी मारली असेल, तर आजच जाऊन सांगा. सकवारबाई गेल्या, त्या तीच समजूत घेऊन गेल्या.