आरशावरची चादर

स्मारांदाची आई काल पहाटे गेली, आणि पोरीची शेवटची परीक्षा नेमकी आज. दोनदा नापास झालेली. या खेपेला हुकली तर नाव कायमचं कटणार. पुढे ढकला म्हणून विद्यापीठाला फोन केला, तर म्हणे आधी मृत्यूचा दाखला पाठवा. काल शनिवार, सुट्टीच्या दिवशी दाखला द्यायला गावात कोण बसलंय, यांचा बाप? पण "माझी पोरगी मास्तरीण होणार" असं आईने अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं. म्हणून घरूनच पेपरला बसली बिचारी.

स्वयंपाकघरात पारास्किवा मावशी चार बायकांना घेऊन कोलिवाचे, म्हणजे मयताच्या गोड प्रसादाचे गहू शिजवत होती. स्मारांदा मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर, पलीकडच्या खोलीत आई, उशाशी मेणबत्ती. मधलं दार उघडंच होतं, गेलेल्या माणसाला कोणी कोंडून ठेवत नाही.

परीक्षेवर नजर ठेवणारा होरिया नावाचा कोवळा पोरगा लॅपटॉपमधून बोलत होता. "कॅमेरा फिरवा, ताई. त्या कपाटावर चादर कशाला?"

"आरसा आहे. घरात माणूस गेलंय."

"वाईट वाटलं. पण काढावी लागेल. मागे काय दडवलंय ते मला कसं कळणार?"

मावशी दारात आली. "हात लावून तर बघ. आरसा उघडला की घरातलं आणखी एक जातं."

"माझं जायचं ते गेलं, मावशी," म्हणत स्मारांदाने चादर ओढली. मावशी छातीवर क्रुसाची खूण करत चुलीकडे परतली.

आरशात पलीकडची खाट दिसली, खाटेवरचा चेहरा दिसला. पडद्यावर लाल पट्टी आली: खोलीत दुसरी व्यक्ती.

"मागे कोण झोपलंय? लवकर बाहेर जायला सांगा त्यांना."

"उद्या दुपारी नेतील तिला."

"देव तिच्या आत्म्याला क्षमा करो," होरिया हळूच म्हणाला. "माझ्या हातात काही नाही हो, ताई. यंत्रच बंद करतं."

आणि पेपर बंद झाला. यंत्राला जिवंत काय नि मेलेलं काय, तोंड दिसलं की पुरे.

आईनेच पेपर बुडवला, असं क्षणभर स्मारांदाच्या मनात आलं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. हुंदका ऐकून मावशी धावत आली.

"काय गं, एवढ्यात झाला पेपर?"

"झाला."

मावशीने हात पुसले, खाटेशी गेली आणि बहिणीच्या कानाशी वाकली. "सोफिका, ऐकलंस का? सुटली गं पोरगी. झाली तुझी मास्तरीण."

मागोमाग बाकीच्या बायकाही आल्या आणि एकेक करून आईला तेच सांगू लागल्या. स्मारांदाला त्यांना थांबवता आलं नाही.